साडूभाऊंची वाट

आपण कुठे उभे आहोत हे आमच्या साडूभाऊंना मोबाईलने सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि मोबाईलने सांगितल्यावर तर अजिबातच कळत नाही. खानदेशात डोंगरात सायकल हाणणारी माणसं मुळात थोडी, त्यातली रस्ता चुकणारी बरीच. पण हातातल्या पडद्यावरचा निळा ठिपका बघून समोरच्या डोंगरालाच 'तू इथे कसा?' असं विचारणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. त्यांचा धुळ्यात मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आणि माझं जळगावात चष्म्यांचं दुकान. ते पन्नाशी ओलांडलेले, उंच, काटक, मंडपाच्या बांबूसारखे सरळ. मी पंचेचाळिशीतला आणि, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीसारखा. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं ही बातमी बायकोमार्फत धुळ्याला पोचली आणि पुढच्याच रविवारी साडूभाऊ टेम्पोतून एक जाड टायरांची सायकल घेऊन दारात हजर झाले. 'चालतात म्हातारे,' ते म्हणाले. 'आपण चढायचं.' एका सासऱ्याचे दोन जावई म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. लग्नातल्या टॉवेल-टोपीपासून आमची तुलना चालत आलेली. त्यात आता चढाची भर पडली.

सायकलीबरोबर त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये सायकलफेऱ्यांची नोंद ठेवणारं एक अ‍ॅपही घातलं. निघताना बटण दाबायचं, थांबल्यावर दाबायचं. मधला सगळा प्रवास नकाशावर रेघ होऊन उमटतो, आणि कोण किती वेगाने चढला ते साऱ्या जगाला कळतं. नोंद झाली नाही ती फेरी झालीच नाही, असं साडूभाऊंचं मत होतं. एकदा लळिंगच्या बाजूच्या डोंगरातला एक जीवघेणा चढ आम्ही चढलो. म्हणजे ते चढले आणि मी सायकलला वर नेलं. माथ्यावर पोचून त्यांनी खिशातून मोबाईल काढला, तर बटण दाबायचंच राहिलेलं. मी एका दगडावर बसून, जिवंत असल्याबद्दल कुणाचे आभार मानावेत याचा विचार करत होतो. ते म्हणाले, 'चला, खाली जाऊ. पुन्हा चढू.' मी हात जोडले. ते एकटे खाली गेले आणि पुन्हा चढून आले, आणि वर येऊन बघतात तर अ‍ॅपने त्यांना शेजारच्या डोंगरावरून एका सरळ रेषेत दरी ओलांडून आणलेलं. त्या दिवशी जिल्ह्यात दरी उडून पार करणारे ते एकमेव सायकलस्वार ठरले. त्यांनी कंपनीला इंग्रजीत सविस्तर तक्रार लिहिली. उत्तर आलं: 'अभिनंदन! तुमची कामगिरी अशीच चालू ठेवा.'

दुसऱ्या एका खेपेला परतीच्या वाटेवर पंक्चर झाल्याने सायकल मंडपाच्या टेम्पोत टाकली आणि साडूभाऊ बटण बंद करायचं विसरले. टेम्पो घाट चढला. दुपारी साडूभाऊ त्या घाटाचे सर्वकालीन विक्रमवीर झाले होते आणि नाशिकपासून नागपूरपर्यंतची अनोळखी मुलं 'औषध घेऊन चढता का?' म्हणत त्यांना रक्त तपासून घ्यायचा सल्ला देत होती. बिचाऱ्यांना रात्रभर झोप लागली नाही. ताई, म्हणजे माझी मेहुणी, फोनवर माझ्या बायकोला म्हणाली, 'अगं, यांना मोबाईलने सांगितलं की जेवलात, तरच हे जेवले. नाहीतर ताटावरून उठून विचारतात, माझं जेवण झालं का?' आम्ही हसलो. पण त्याच सुमारास मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून घराच्या गल्लीत सायकलवर गोल गोल फिरत होतो, कारण अ‍ॅपवरचा आकडा पूर्ण व्हायला थोडं कमी पडायचं. शेजारच्या मारवाडी काकांनी एकदा गच्चीवरून ओरडून विचारलं, 'काय हरवलं का हो?' मी 'किल्ली' म्हणालो. तेही चपला घालून खाली आले आणि बॅटरी घेऊन माझ्याबरोबर ती नसलेली किल्ली शोधू लागले. तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही, हे मला मान्य आहे.

नकाशा मात्र साडूभाऊंना मनापासून छळायचा. पुण्या-मुंबईच्या डोंगरांत त्या अ‍ॅपच्या नकाशावर वाटांचं जाळं पसरलेलं, अगदी शेळीच्या पायवाटेलाही नाव. आणि आमच्याकडे नुसता पांढरा पडदा. जिथे वाट दाखवली तिथे तारेचं कुंपण, जिथे पूल दाखवला तिथे नाला, आणि एकदा तर नकाशाप्रमाणे आम्ही एका तळ्याच्या बरोब्बर मधोमध उभे होतो, घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत. 'आपल्या भागाला कोणी वालीच नाही,' ते हळहळायचे. त्या नकाशाची गंमत अशी, की तो वापरणाऱ्यांनीच भरायचा असतो. कुणीही जावं, वाट काढावी, नकाशावर टाकावी. चार जण तिच्यावरून गेले की ती खरी. मग एका उन्हाळ्यात साडूभाऊंनी पण केला, की खानदेशची एक तरी वाट जगाच्या नकाशावर आणायची.

ती वाट त्यांनी खरोखर सुंदर शोधली. डोंगराच्या सोंडेवरून पळसांमधून उतरत, कोरड्या नाल्याला वळसा घालून, एका दगडी बांधाच्या कडेने ती थेट पलीकडच्या गावाच्या रस्त्याला लागायची. मध्ये एक पडीक माळ लागायचा, निदान उन्हाळ्यात तरी तो पडीक दिसत होता. वाटेला त्यांनी 'गरुडझेप' असं नाव दिलं. नाव ठेवून झाल्यावर सन्मानाची पहिली फेरी मला दिली. पहिल्याच वळणावर पुढचं चाक दगडाला अडलं आणि मी हँडलवरून बोरीच्या झुडपात गेलो. साडूभाऊ धावत आले, माझ्या पाठीतले काटे काढत म्हणाले, 'नाव सार्थ केलंत,' आणि मग हळूच, 'मोबाईल चालू होता ना?'

पाऊस उघडला, डोंगर हिरवे झाले, आणि वाट गाजली. शनिवार-रविवारी नाशिकहून, संभाजीनगरहून गाडीच्या टपावर सायकली बांधून मुलं-मुली येऊ लागली. अ‍ॅपवर कुणी वाटेला तारे द्यायचं, कुणी लिहायचं, 'खानदेशात असं काही असेल असं वाटलं नव्हतं.' साडूभाऊ ते वाक्य मंडप ठरवायला आलेल्या वधूपित्यांनाही वाचून दाखवायचे. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी जळगावहून गेलो, आम्ही दोघे ऐटीत आमची वाट उतरलो, दगडी बांधापाशी आलो, आणि समोर कमरेवर हात ठेवून एक म्हातारी उभी होती.

'कोठे जाई राह्यनात?' तिने विचारलं.

'अक्का, ही सायकलची वाट आहे,' साडूभाऊंनी मोबाईल पुढे केला. 'हे बघा, नकाशात आहे.'

'हाई वाट नही शे, भाऊ. हाई मनं वावर शे.' तिने पडद्याकडे पाहिलंही नाही, बांधापलीकडे बोट दाखवलं. 'वाट कोनी काढी हाई?'

पलीकडे कांद्याचं रोप टाकलेलं होतं. म्हणजे असणार. वाफ्यांमधून आडवेतिडवे टायरचे पट्टे गेले होते, बांध दोन जागी ढासळले होते, पाटाचं पाणी भलतीकडेच साचलं होतं, आणि हिरवी कोवळी रोपं चिखलात चपटी झाली होती. मुलगा सुरतेला कामाला, सून माहेरी बाळंतपणाला, आणि म्हातारी एकटीच. प्रत्येक सुट्टीच्या दिवशी ती धावत यायची, आणि ती पोचेपर्यंत सायकली गेलेल्या असायच्या. हात हलवून तिला 'हाय' करून गेलेल्या असायच्या.

मला वाटलं, साडूभाऊ आता नकाशा, अ‍ॅप, वापरकर्ते वगैरे समजावून सांगणार. पण त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं, देवळाच्या पायरीवर चपला काढाव्यात तसं, आणि म्हणाले, 'मी काढी, अक्का. मीच.'

अक्काने त्यांना आपादमस्तक पाहिलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, 'तूच काढी नं? मंग तूच पुसी टाक.'

इतकी साधी गोष्ट. त्या संध्याकाळपासून आमची खरी चढण सुरू झाली. वाट टाकायला एक बटण पुरलं होतं. काढायला बटणच नव्हतं. साडूभाऊंनी तक्रार केली. उत्तर आलं, की आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, इतर वापरकर्त्यांनी दुजोरा दिल्यावर विचार करू. त्यांनी मला दुजोरा द्यायला लावला, ताईला लावला, माझ्या बायकोला लावला, मंडपाच्या सगळ्या कामगारांना लावला. उत्तर आलं, की आपल्या भागातून संशयास्पद हालचाल आढळल्याने आपली सर्व खाती आठवडाभरासाठी थांबवली आहेत. मग त्यांनी बांधाच्या अलीकडे, जिथे वाट फुटते तिथे, मोठी पाटी लावली: 'रस्ता बंद. पुढे शेत आहे.' पुढच्या रविवारी मुलांनी त्या पाटीला खेटून फोटो काढले, ते नकाशावर चढवले, खाली लिहिलं, 'पाटीच्या पुढे खरी मजा', आणि गरुडझेपेला आणखी तारे मिळाले.

दरम्यान रोपाचा प्रश्न होताच. साक्रीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाचा मंडप साडूभाऊंनी घातला होता; त्या शेतकऱ्याकडे जास्तीचं रोप होतं. ते टेम्पोत घालून आम्ही अक्काच्या शेतावर उतरलो, आणि अंगावर सायकलचे कपडे असतानाच लागवडीला बसलो. मी जन्मात कधी कांदा लावला नव्हता; खाल्ला मात्र मन लावून होता. अक्का मागून येऊन माझी अर्धी रोपं उपटून पुन्हा लावत होती. मध्येच ती थांबली आणि माझ्या बसण्याच्या जागेकडे बघून म्हणाली, 'तुमनी चड्डीमा गादी काब्र शे हो?' सायकलची चड्डी तशीच असते, बसायला मऊ पडावं म्हणून, हे मी तिला समजावून सांगितलं. ती बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. साडूभाऊंच्या खिशातला मोबाईल तेवढ्यात बोलला. तो चालूच राहिला होता. 'आज तुमचा वेग नेहमीपेक्षा कमी आहे,' तो म्हणाला. 'हार मानू नका!'

पाटी निकामी ठरल्यावर साडूभाऊंनी ठरवलं, की दर रविवारी स्वतःच फाट्यावर बसायचं आणि येणाऱ्याला परत पाठवायचं. पहिल्या रविवारी दगडावर बसले, तर कंबर धरली. दुसऱ्या रविवारी त्यांनी टेम्पोतून खुर्ची आणली. गोदामात तेवढीच एक मोकळी होती, रिसेप्शनला नवरदेव बसतो ती: लाल मखमल, सोनेरी कडा, हातांच्या जागी दोन सिंह. डोंगरात, पळसाच्या झाडाखाली, त्या सिंहासनावर हेल्मेट घालून बसलेले साडूभाऊ दुरून दिसले की सायकलवाले आपोआपच थांबायचे. काही जण तर सायकलवरून उतरून नमस्कारही करायचे. मग ते प्रत्येकाला बांधापर्यंत नेऊन वाफे दाखवायचे, सगळी हकीकत सांगायचे, आणि दुसऱ्या बाजूने जाणारी चांगली वाट समजावून द्यायचे. ती समजावून घेऊन एक जोडपं भलत्याच गावात निघालं हे खरं, पण त्यांनी कुणाच्या शेतातून सायकल घातली नाही, हेही खरं. माझं काम पाणी देण्याचं, आणि कुणी हुज्जत घातलीच तर साडूभाऊंच्या मागे उभं राहण्याचं. माझ्या आकारमानाचा समाजाला झालेला तो पहिला उपयोग.

खुर्चीने मात्र एकदा घात केला. एका रविवारी संध्याकाळी शिरपूरला एक मोठं लग्न होतं आणि ती घाईघाईत थेट डोंगरावरून मांडवात गेली. मखमलीत डोंगरातली कुसळं रुतलेली. नवरदेव बसला आणि उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. पाहुण्यांना वाटलं, मुलगा फारच विनयशील आहे, प्रत्येकाला उठून मान देतोय. मुलीच्या वडिलांनी साडूभाऊंचा हात धरून सांगितलं, 'असा जावई मिळायला नशीब लागतं.' साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

हळूहळू अक्का चहा घेऊन फाट्यावर येऊ लागली, पुढे आम्हीच पहारा संपवून तिच्या घरी जाऊ लागलो. ती तांदूळ निवडताना ताट डोळ्यांपासून लांब धरते हे माझ्या धंद्याच्या नजरेने टिपलं, आणि मी दुकानातून काही चष्मे नेले. एक तिला बरोबर बसला. तिने आधी ताटाकडे पाहिलं, मग अंगणाकडे, मग माझ्याकडे वळून बराच वेळ पाहत राहिली. 'तुम्ही त गह्यरा जाडा शेतस हो!' ती म्हणाली. चष्मा उत्तम लागला होता, याबद्दल शंका उरली नाही.

एवढं करूनही वाट नकाशावर होती तशीच. उलट ती जास्त ठळक झाली होती. असं का, हे एका दुपारी अक्काच्या ओट्यावर बसलेलं असताना साडूभाऊंच्या ध्यानात आलं. ज्या वाटेवरून माणसं जास्त जातात ती अ‍ॅप जास्त गडद दाखवतं. आणि इतर सगळे परत फिरू लागल्यावर, दर रविवारी फाट्यावरून त्याच वाटेने, बांध धरून, अक्काच्या घरापर्यंत सायकली ढकलत नेणारे, खिशात अ‍ॅप चालू असलेले दोघेच उरले होते. वाट बंद करायला आम्ही येत होतो, आणि आमच्या येण्यानेच ती जिवंत होती. साडूभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. मग मोबाईल माझ्याकडे देत म्हणाले, 'तुम्ही बंद करा. माझ्याच्याने व्हायचं नाही.' मी आधी त्यांचा बंद केला, मग माझा. त्यानंतर किती रविवार आम्ही तो डोंगर चढलो, त्याची जगात कुठेही नोंद नाही. मी एकदा पूर्ण चढ न उतरता चढलो, त्याचीही नाही. साडूभाऊंखेरीज साक्षीदार नाही, आणि ते कबूल करत नाहीत.

थंडी सरता सरता, कांदा गुडघ्याला लागला असताना, कुठल्या तरी देशातल्या कुणा अनोळखी माणसाने, बहुधा अशा नकाशांची देखभाल हौसेने करणाऱ्याने, साडूभाऊंच्या जुन्या तक्रारीखाली एक ओळ लिहिली: 'बरोबर आहे. काढली.' साडूभाऊंनी मला दुकानात फोन केला. गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा तसाच ठेवून मी बाहेर आलो. 'गेली,' ते म्हणाले. मी अभिनंदन केलं. त्यावर ते म्हणाले, 'एकदम पांढरं दिसतंय हो तिथे.'

त्या रविवारी आम्ही अक्काला सांगायला गेलो. सवयीने खुर्चीही टेम्पोत चढलीच. अक्काने ऐकून घेतलं, आमच्या हातात चहा दिला आणि विचारलं, 'मंग आते तुम्ही येवाव नही का?' साडूभाऊ म्हणाले, 'येऊ की, न यायला काय झालं?' पण लग्नाच्या तारखा अंगावर आल्या होत्या, माझा गुडघा कुरकुरत होता, आणि तिघांनाही ते माहीत होतं. तिने पातीसकट कांद्याची एक जुडी त्यांच्या सायकलला बांधून दिली.

फाट्यावर परत येऊन आम्ही सिंहासन उचलायच्या बेतात होतो, तेवढ्यात चढावर दोन सायकली दिसल्या. साडूभाऊ इतक्या लगबगीने पुढे धावले, की त्यांच्या हातातली पाण्याची बाटली माझ्या अंगावर सांडली. दोन्ही हात पसरून त्यांनी सायकली अडवल्या. मालेगावची पोरं होती. मोबाईलमध्ये कधीतरी उतरवून ठेवलेला जुना नकाशा होता, त्यात वाट अजून होती. साडूभाऊंनी त्यांना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली, बांधापर्यंत नेलं, कांदे दाखवले, पाणी पाजलं, खुर्चीवर बसवून त्यांचे फोटोही काढले, आणि दुसरी वाट दोनदा समजावून दिली. पोरं हात हलवत उतरून गेली. धूळ खाली बसेपर्यंत साडूभाऊ त्या दिशेला बघत उभे होते.

'हे शेवटचेच आता,' ते म्हणाले.

'सांगता येत नाही,' मी म्हणालो. 'जुना नकाशा अजून कुणाकडे तरी असेल.'

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. 'असेल ना?' त्यांनी विचारलं, आणि खुर्ची पुन्हा पळसाच्या सावलीत ठेवली. आम्ही अजून थोडा वेळ बसलो.